नवा कर्नल आधी एकदाच चालवून बघा

लिनक्समध्ये कर्नल (म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यातला सिस्टीमचा गाभा) अपडेट झाला की जुना कर्नल लगेच उडत नाही, तो तिथेच बूट फोल्डरमध्ये पडून असतो, ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे किती जणांनी अख्खं लिनक्स फॉरमॅट मारलंय हे बघून मला खरंच वाईट वाटतं. अपडेटनंतर वायफाय गेलं, आवाज गेला, स्क्रीन काळा झाला, की लोक सरळ पेनड्राइव्ह काढतात आणि सगळं पुन्हा टाकतात, नाहीतर 'लिनक्स आपल्यासाठी नाहीच' म्हणून मोकळे होतात. आणि इकडे कालपर्यंत व्यवस्थित चाललेला कर्नल दोन ओळी खाली मेनूत बसलेला असतो, फक्त तो मेनू दिसत नसतो.

दिसत नाही कारण उबुंटूने (लिनक्सचं एक वितरण) तो लपवलेला असतो. हा मेनू दाखवतो ग्रब, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडून चालू करणारा प्रोग्राम. इटीसी फोल्डरमध्ये डिफॉल्ट नावाचं फोल्डर आहे, त्यात ग्रब नावाची फाईल. ती उघडली की ग्रब_टाइमआउट_स्टाइल=हिडन आणि ग्रब_टाइमआउट=० अशा दोन ओळी सापडतात. (फाईलींची नावं आणि कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत टाकायच्या.) हिडनच्या जागी मेनू लिहा, शून्याच्या जागी ५ टाका, मग सुडो अपडेट-ग्रब मारा (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकारात कमांड चालवणं), बस. पाच सेकंद उशिरा मशीन चालू झालं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, पण अडचणीच्या दिवशी ते पाच सेकंद फार कामाला येतात. डेबियन या दुसऱ्या वितरणाचे लोक आधीपासूनच पाच सेकंद देतात, मला तेच बरोबर वाटतं. आणि मेनू लपलेला असतानाच गडबड झाली असेल तर जुन्या बायॉसच्या मशीनवर शिफ्ट दाबून ठेवायचं, यूईएफआय असेल तर एस्केप (बायॉस आणि यूईएफआय म्हणजे मशीन चालू होताच पहिल्यांदा चालणारा मूळ प्रोग्राम, जुना आणि नवा), पण एस्केपचं टायमिंग जमायला जरा हात बसावा लागतो.

हे एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे आमच्या गावच्या वाचनालयाचं मशीन. गाव सांगलीकडे, मी पुण्यात. वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी कोहावर ठेवल्यात, कोहा म्हणजे न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये बनवायला घेतलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, आपल्याकडे कितीतरी कॉलेज लायब्ररीत ते चालतं. खाली उबुंटू सर्व्हर २२.०४ आणि त्याच्यासोबत आलेला ५.१५ कर्नल. सगळं सुरळीत चाललेलं असताना एका देणगीदारांनी नवा मिनी पीसी दिला, जुन्या मशीनचे पंखे ओरडायला लागले होते त्यामुळे आम्ही डिस्क आनंदाने नव्यात हलवली, पण त्याचं इनबिल्ट ग्राफिक्स ५.१५ ला नीट ओळखता येईना. स्क्रीन १०२४ बाय ७६८ वर अडकला आणि मराठी पुस्तकांची लांब नावं कॅटलॉगमध्ये अर्धी कापली जायला लागली. उपाय सरळ होता, उबुंटूचा एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल टाकायचा, म्हणजे ६.८.

पण त्या मशीनला नेट मिळतं यूएसबी वायफाय डोंगलवरून, आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही, बाहेरून डीकेएमएसने (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बनवून देणारी सोय) बसवलेला आहे. असला बाहेरचा ड्रायव्हर ही कायमची टांगती तलवार असते. कर्नलवाले वापरणाऱ्यांचे प्रोग्राम तुटू देत नाहीत, त्या बाबतीत लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स एकदम कडक आहे, पण कर्नलच्या आत ड्रायव्हरसाठी जे इंटरफेस असतात त्यांची कुणी हमी घेतलेली नाही, ते दर दोन-अडीच महिन्यांनी येणाऱ्या नव्या व्हर्जनमध्ये खुशाल बदलतात. जो ड्रायव्हर कर्नलच्या आत आहे तो बदलणारा माणूसच दुरुस्त करून देतो, बाहेरच्याला कोण विचारतो. त्यामुळे ५.१५ वरून एकदम ६.८ वर उडी म्हणजे डोंगल चालेलच याचा भरवसा नाही. ड्रायव्हर कंपाइल झाला असं डीकेएमएस स्टेटस सांगत होतं, पण कंपाइल होणं वेगळं आणि हवेतून खरंच सिग्नल पकडणं वेगळं.

आणि मी इथे, मशीन तिथे. एसएसएचवरून (लांबून मशीनवर कमांड चालवायची सोय) रीबूट मारला आणि नव्या कर्नलवर डोंगल उठलाच नाही तर माझ्या हातात काहीच उरत नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते अगदी हेच. वाचनालयात ग्रंथपाल काकू आहेत, त्या फार तत्पर आहेत, पण दर वेळी त्यांना स्क्रीनसमोर उभं करायचं हे मला पटत नाही. त्यामुळे मला हवं होतं असं की नवा कर्नल एकदा चालून बघावा, चालला तर उत्तम, नाही चालला तर मशीनने आपलं आपण जुन्यावर परत यावं, कुणी कीबोर्डला हात न लावता.

ग्रबमध्ये हे सगळं आहे. आणि ही कल्पना काही आजची नाही, ग्रबच्या आधी सगळीकडे लिलो चालायचा त्यातही लिलो -आर म्हणून सोय होती, पुढच्या एका बूटपुरता वेगळा कर्नल निवडायची. लिलोची कटकट दुसरी होती, कर्नल डिस्कवर नेमका कुठे पडलाय ते तो लिहून ठेवायचा त्यामुळे कर्नल बदलला की दर वेळी लिलो पुन्हा चालवावा लागे, नाही चालवला तर मशीन उठायचंच नाही. ग्रब फाईल सिस्टीम वाचू शकतो, म्हणून ती भानगड नाही. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये ग्रब लिहायला घेतला तो खरं तर जीएनयू हर्ड या दुसऱ्या कर्नलसाठी, पण तो टिकला आणि पसरला तो लिनक्सबरोबर, आणि आज आपण वापरतो तो ग्रब २ म्हणजे नंतर नव्याने लिहिलेला.

आता मुद्द्यावर. तुम्ही कुठेही शोधलं तर पहिला सल्ला मिळतो तो ग्रब_डिफॉल्ट मध्ये "१>२" लिहा असा. याचा अर्थ असा की मेनूतली मोजणी शून्यापासून, म्हणजे ० वर उबुंटू, १ वर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि त्याच्या आत पुन्हा शून्यापासून, ० वर सगळ्यात नवा कर्नल, १ वर त्याचाच रिकव्हरी (दुरुस्तीसाठीचा) मोड, २ वर त्याच्या आधीचा कर्नल, ३ वर त्याचा रिकव्हरी. म्हणून "१>२" म्हणजे आधीचा कर्नल. आज हे चालतं. पण पुढच्या अपडेटला अजून एक कर्नल येतो, तो यादीत वर बसतो, सगळे दोन-दोन घरं खाली सरकतात आणि तुमचा "१>२" आता भलत्याच कर्नलकडे बोट दाखवायला लागतो, आणि हे घडल्याचं तुम्हाला कळतही नाही कारण मेनू लपलेला. नंबर हा पत्ता नाही, रांगेतली जागा आहे. म्हणून माझं ठाम मत आहे की डिफॉल्ट कधीही नंबरने ठरवू नये, आयडीने ठरवावा.

आयडी मिळतो ग्रब डॉट सीएफजी या फाईलमध्ये, बूट फोल्डरच्या आत ग्रब फोल्डरमध्ये. ही फाईल हाताने बदलायची नाही, तिच्या डोक्यावरच तसं लिहिलेलं असतं आणि अपडेट-ग्रब ती दर वेळी पुसून नव्याने लिहितो. फक्त वाचायची. सुडो लावून ग्रेपने (फाईलमध्ये शब्द शोधणारी कमांड) सबमेनू आणि मेनूएंट्री या शब्दांच्या ओळी काढल्या की प्रत्येक ओळीच्या शेवटाकडे अवतरणचिन्हात एक लांबलचक नाव दिसतं. सबमेनूचं नाव जीएनयूलिनक्स-ॲडव्हान्स्ड- आणि पुढे डिस्कचा यूयूआयडी (तिचा स्वतःचा ओळख क्रमांक), आणि कर्नलचं नाव जीएनयूलिनक्स-५.१५.०-११९-जेनेरिक-ॲडव्हान्स्ड- आणि पुढे परत तोच यूयूआयडी. ही दोन नावं मध्ये > टाकून जोडली की झाला पूर्ण पत्ता. हा पत्ता कितीही नवे कर्नल आले तरी सरकत नाही, कारण व्हर्जन त्याच्या नावातच आहे.

एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघायची, टर्मिनलमध्ये हा पत्ता देताना त्याला अवतरणचिन्ह हवंच. शेलला (टर्मिनलमधल्या कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामला) > दिसलं की तो समजतो याचं उत्तर फाईलमध्ये ओतायचंय. ग्रब-रीबूट (पुढच्या एका बूटपुरता कर्नल निवडायची कमांड) १>२ असं उघडं लिहिलं तर तुमच्या फोल्डरमध्ये २ नावाची एक फाईल तयार होते आणि ग्रबपर्यंत पत्ता पोचतच नाही. कुणाच्या होम फोल्डरमध्ये अशी बेवारस २ नावाची फाईल दिसली की काय झालं असेल ते मला लगेच कळतं.

मग वाचनालयाच्या मशीनवर काय केलं ते सांगतो. ग्रब_डिफॉल्ट=सेव्ड केलं, म्हणजे डिफॉल्ट कोणता ते ग्रबने स्वतःच्या वहीत बघावं. ग्रब_सेव्हडिफॉल्ट नावाचं अजून एक सेटिंग असतं, मेनूत शेवटचा जो निवडला तोच पुढे डिफॉल्ट, ते मी मुद्दाम बंद ठेवतो, कारण वाचनालयात कुणी मुलाने गंमत म्हणून बाण खाली-वर करून एंटर मारला तर उद्यापासून मशीन भलत्याच कर्नलवर उठेल. मग सुडो अपडेट-ग्रब, आणि सुडो ग्रब-सेट-डिफॉल्ट करून ५.१५ चा पूर्ण पत्ता दिला. ग्रब-एडिटएन्व्ह लिस्ट केलं की सेव्हड_एंट्री समोर तो दिसतो. हे सगळं ६.८ टाकायच्या आधी, हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी जुन्याला खुंटा मारून घ्यायचा, मगच नव्याला घरात घ्यायचं.

ही जी वही म्हणतोय ती ग्रबएन्व्ह नावाची फाईल, नेमकी १०२४ बाइटची, उरलेली जागा हॅशच्या चिन्हांनी भरलेली. ग्रबला डिस्कवर नवीन फाईल लिहिता येत नाही, असलेल्या फाईलच्या जागेवरच तो खाडाखोड करतो, म्हणून तिचा आकार ठरलेला आणि म्हणूनच तिला एडिटरमध्ये उघडून हात लावायचा नाही. याच्यातून एक मोठा धोका निघतो जो कुणी फारसं सांगत नाही. तुमचं बूट फोल्डर बीटीआरएफएसवर, एलव्हीएमवर किंवा रेडवर (डिस्कची जागा मांडायच्या किंवा डिस्क जोडायच्या वेगळ्या पद्धती) असेल तर ग्रबला ही वही वाचता येते पण लिहिता येत नाही. एकदाच चालवायच्या कर्नलचं नाव ग्रब वाचतो आणि लगेच ते नाव पुसतो, पुसणं जमलं नाही तर तो 'एकदाच' हा शब्द खोटा ठरतो, दर बूटला तोच बिघडलेला कर्नल उठत राहतो. डेबियन-उबुंटूचा ग्रब-रीबूट अशा वेळी वॉर्निंग देतो, ती वाचा, एंटर मारून पुढे जाऊ नका. आमच्याकडे उबुंटू सर्व्हरच्या इन्स्टॉलरने बूटसाठी वेगळं ईएक्सटी४ (साधी, नेहमीची फाईल सिस्टीम) पार्टिशन केलेलं होतं त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

तरी मी आधी रंगीत तालीम केली. ग्रब-रीबूटला ५.१५ चाच पत्ता दिला, जो तसाही डिफॉल्ट होता, रीबूट केलं, आणि मशीन परत आल्यावर ग्रब-एडिटएन्व्ह लिस्टमध्ये नेक्स्ट_एंट्री रिकामी झालीय का ते बघितलं. रिकामी होती. म्हणजे पुसणं जमतंय. यात धोका शून्य आणि खात्री पूर्ण, लांबच्या मशीनवर हे केल्याशिवाय पुढे जाऊच नये.

आता नवा कर्नल तीन प्रकारे दगा देऊ शकतो. पहिला, उठतानाच पॅनिक, म्हणजे सावरता न येणाऱ्या चुकीवर कर्नल थांबणं. लिनक्स पॅनिक झाला की एरवी तसाच थिजून बसतो, म्हणून ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स मध्ये पॅनिक=१० टाकायचं, मग तो दहा सेकंद थांबून स्वतःच रीबूट होतो. डिस्क सापडली नाही म्हणून इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला लागणारी तात्पुरती छोटी सिस्टीम) शेलमध्ये अडकायची वेळ आली तरी डेबियन-उबुंटूत हाच पर्याय तिथेही कामाला येतो. दुसरा प्रकार, मशीन पूर्ण उठलं पण डोंगल मेला. इथे पॅनिक वगैरे काही होत नाही, मशीनच्या दृष्टीने सगळं छान चाललेलं असतं, फक्त माझ्यासाठी ते मेलेलं. यासाठी क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) @रीबूटवाली एक ओळ टाकली जी एक छोटी स्क्रिप्ट चालवते, स्क्रिप्ट दहा मिनिटं झोपते, मग यूनेम -आर (चालू कर्नलचं व्हर्जन सांगणारी कमांड) बघते, ६.८ असेल तरच पुढे जाते, आणि वाचनालयातल्या राउटरला पिंग करते (हाक मारून उत्तर येतं का बघते), उत्तर नाही आलं तर रीबूट. डिफॉल्ट जुना असल्यामुळे रीबूट म्हणजे आपोआप ५.१५. पिंग राउटरलाच करायचं, बाहेरच्या कुठल्या साइटला नाही, कारण गावाकडे लाइनचं नेट दिवसातून केव्हाही जातं आणि त्याचा दोष बिचाऱ्या कर्नलवर का टाकायचा. आणि यूनेमची अट नसती तर राउटर बंद पडलेल्या दिवशी जुना कर्नलसुद्धा दर दहा मिनिटांनी रीबूट होत बसला असता.

तिसरा प्रकार म्हणजे मशीन पॅनिक न होता नुसतंच गोठणं. त्याला यातलं काहीच पुरत नाही, तिथे हार्डवेअर वॉचडॉग (गोठलेलं मशीन आपोआप रीबूट करणारा भाग) हवा नाहीतर पॉवर बटण दाबणारा माणूस. पण बटण दाबलं की वर येतो तो जुनाच कर्नल, म्हणजे काकूंना फक्त 'बंद करून चालू करा' एवढंच सांगावं लागतं.

तर संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर सुडो ग्रब-रीबूट, अवतरणात ६.८ चा पत्ता, आणि रीबूट. मशीन आलं नाही. वीस मिनिटांच्या आत परत आलं, यूनेम बघितलं तर ५.१५. मागच्या बूटचा लॉग काढला, जर्नलसीटीएलला -बी -१ दिलं की मिळतो, त्यात ६.८ व्यवस्थित उठलेला, ग्राफिक्स ओळखलेलं, आणि डोंगलचा मॉड्यूल (म्हणजे तो ड्रायव्हर) लोड होऊन फर्मवेअरच्या (डोंगलच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर) नावाने रडत बसलेला. म्हणजे भीती खरी ठरली, पण सांगलीला जायची वेळ आली नाही, सकाळी काकूंना काही झालं होतं हेसुद्धा कळलं नाही. मग त्या ड्रायव्हरचं नवं व्हर्जन बसवलं आणि पुन्हा तोच प्रयोग, या वेळी एसएसएच लागलं, पिंगही गेलं. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन, "अरे, आज अक्षरं कशी छान बारीक दिसतायत, पूर्ण नाव दिसतंय पुस्तकाचं." तो फोन ऐकून फार बरं वाटलं.

लगेच डिफॉल्ट बदलला नाही. एक-दोन दिवस रोज संध्याकाळी ग्रब-रीबूटनेच ६.८ वर नेत होतो, मधे एकदा लाइट गेली आणि इन्व्हर्टरही बसला, लाइट आल्यावर मशीन ५.१५ वर उठलं, स्क्रीन परत जाडजूड, पण नेट चालू. त्या वेळी काकूंना फोनवरून सांगितलं, काकू, मशीन बंद करून चालू करा, काळ्या स्क्रीनवर यादी येईल, बाणाने दुसऱ्या ओळीवर या, एंटर, आता सगळ्यात वरची ओळ, एंटर. जमलं त्यांना. पाच सेकंदांचा मेनू असला की असं फोनवर सांगता येतं. लाइट जाण्यावरून आठवलं, उबुंटूत रेकॉर्डफेल नावाचा प्रकार आहे, मशीन उठता उठता मधेच बंद पडलं तर पुढच्या वेळी ग्रब मेनू ३० सेकंद दाखवतो. जुन्या उबुंटूत तो कुणीतरी एंटर मारेपर्यंत अनंत काळ थांबायचा, बिनस्क्रीनच्या सर्व्हरवर हा फार त्रास होता. तुमच्याकडे लाइटचा खेळ असेल तर ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट=५ टाकून ठेवा.

आठवडाभराने ग्रब-सेट-डिफॉल्टला ६.८ चा पत्ता दिला, क्रॉनमधली ओळ काढली. ५.१५ मात्र ठेवलाय. एपीटीचा (उबुंटूत सॉफ्टवेअर बसवणारं साधन) ऑटोरिमूव्ह चालू असलेला आणि सगळ्यात नवे असे मोजकेच कर्नल राखतो, बाकीचे साफ करतो, म्हणून ५.१५ चं इमेज पॅकेज, मॉड्यूल्स आणि मॉड्यूल्स-एक्स्ट्रा या तिघांना एपीटी-मार्क मॅन्युअल करून ठेवलं. एक्स्ट्रा विसरू नका, कितीतरी ड्रायव्हर त्याच्यातच असतात, नुसती इमेज वाचवली तर कर्नल उठेल पण अर्धं हार्डवेअर दिसणार नाही. उलट बाजूने एकाच वेळी पाच-सहा कर्नल साठवू नका, वेगळं बूट पार्टिशन भरलं की पुढचा अपडेट अर्ध्यात अडकतो आणि तो सोडवणं जास्त डोकेदुखीचं.

मशीन चारचौघांत ठेवलेलं असेल तर अजून एक. ग्रबच्या मेनूत ई दाबून कुणीही कर्नलच्या ओळीत इनिट=/बिन/बॅश लिहू शकतो आणि पासवर्डशिवाय रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊ शकतो. त्यासाठी ग्रबला पासवर्ड लावता येतो, पण नुसता पासवर्ड लावला तर साधं बूट व्हायलाही तो विचारतो आणि लाइट आल्यावर मशीन पासवर्डची वाट बघत बसतं, म्हणून एंट्रीला --अनरिस्ट्रिक्टेड हा पर्याय हवा, म्हणजे बूट सगळ्यांना, एडिट फक्त पासवर्डवाल्याला. फक्त सबमेनू आणि त्यातल्या एंट्रीलाही तो मिळालाय ना ते बघा, नाहीतर काकूंसारखं फोनवरून कर्नल बदलणं बंद होईल.

फेडोरा (आणखी एक लिनक्स वितरण) वापरत असाल तर यातलं बरंच सोपं आहे, तिथे ग्रबी नावाची कमांड आहे, ग्रबी --सेट-डिफॉल्ट देऊन पुढे व्हीएमलिनझच्या (कर्नलच्या) फाईलचा पाथ टाकायचा, पत्ते जोडत बसायला नको. एकदाच चालवायची कमांड तीच, फक्त नाव ग्रब२-रीबूट. आणि सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही बूट होऊ न देणारी यंत्रणा) चालू असेल तर कुठूनतरी उतरवलेला मेनलाइन (वितरणाने न बदललेला मूळ) कर्नल सही नसल्यामुळे उठणारच नाही, ग्रब बॅड शिम सिग्नेचर म्हणून नकार देतो, त्यामुळे वितरणाच्या रेपोमधलाच कर्नल घ्या किंवा स्वतःची एमओके की (मशीनच्या मालकाची सहीची किल्ली) बनवून सही करा. त्या कीची नोंदणी करताना निळ्या स्क्रीनवर कीबोर्डसमोर माणूस लागतोच, लांबच्या मशीनवर ती एसएसएचवरून होत नाही. आमच्याकडे ६.८ उबुंटूचा सही केलेला होता, पण डीकेएमएसने बनवलेल्या डोंगलच्या मॉड्यूललाही सही लागते, त्याची की मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हाच नोंदवून ठेवली होती.